दारं-चौकटींना सॅटिन लावून चौदा महिने झाले, आता खरं काय ते सांगते

रंग लावून चार दिवस होत नाहीत तोवर लिहिलेल्या रिव्ह्यूंवर माझा विश्वास नाही, कारण पहिल्या आठवड्यात कुठलाही रंग छानच दिसतो. म्हणून मुद्दाम थांबले. घरातली पाच दारं, त्यांच्या चौकटी, तीन लाकडी खिडक्या आणि भिंतीच्या तळाची पट्टी एवढं सगळं आम्ही पाण्याच्या सॅटिन एनॅमलने, म्हणजे लाकडाच्या मध्यम चकाकीच्या रंगाने रंगवलं, एक दार चकचकीत ग्लॉसमध्ये केलं आणि एका कपाटाची दारं बिनचकाकीच्या मॅटमध्ये. रंगाचा नंबर तिन्हीला एकच, कंपनी एकच, हात मारणारा माणूसही एकच. त्यामुळे फरक जो काय दिसतोय तो फिनिशचाच, म्हणजे चकाकीचाच, आणि रिव्ह्यू पण फिनिशचाच आहे, डब्यावरच्या नावाचा नाही. नाव विचारू नका, त्याने फारसा फरक पडत नाही असं माझं मत झालंय.

निकाल आधीच सांगून टाकते. रोज हात लागणाऱ्या लाकडाला सॅटिन, यात मला आता काही शंका उरलेली नाही. पण त्या सॅटिनच्या पण खोडी आहेत आणि त्या दुकानात कोणी सांगत नाही, त्या कळल्या असत्या तर माझे दोन रविवार आणि एक अख्खा डबा वाचला असता.

आधी नावांचा घोळ. मॅट, एगशेल, सॅटिन, सेमीग्लॉस, ग्लॉस ही नावं प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने वापरते, एकीचं सॅटिन दुसरीच्या एगशेलइतकंच चमकतं. चकाकी मोजायचं यंत्र असतं, ते रंगावर ६० अंशात उजेड टाकतं आणि किती परत येतो ते बघतं, ठरावीक काळी गुळगुळीत काच म्हणजे १०० धरतात. रंगाच्या धंद्यातल्या एका नेहमीच्या विभागणीत सॅटिन म्हणजे साधारण २० ते ३५, सेमीग्लॉस ३५ ते ७०, ग्लॉस ७० च्या वर, आणि पक्कं मॅट ५ च्या आत. काही डब्यांच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो, तो बघा आणि नावाकडे दुर्लक्ष करा. आम्ही घेतलेलं सॅटिन ३० च्या आसपासचं होतं, दार तिरकं बघितलं की खिडकीचा उजेड त्यात मऊसर पसरलेला दिसतो पण खिडकीचे गज काही मोजता येत नाहीत. ग्लॉसच्या दारात ते गज मोजता येतात.

आणि अजून एक, एकाच नंबरचा रंग तिन्ही फिनिशमध्ये सारखा दिसत नाही! मॅट उजेड सगळीकडे विखरून टाकतं म्हणून रंग फिकट, थोडा पांढरट वाटतो, ग्लॉसमध्ये तोच रंग गडद आणि खोल दिसतो. आमचा राखाडी-हिरवा रंग कपाटावर एक आणि शेजारच्या दारावर दुसराच वाटतो, पाहुणे विचारतात की वेगळा रंग का घेतला. म्हणून दार आणि त्याची चौकट तरी एकाच फिनिशमध्ये करा, आणि दुकानातल्या कागदी चौकोनावरून ठरवू नका, फळीचा हातभर तुकडा घेऊन त्याच्यावर दोन हात मारा आणि तो तुकडा जिथे लावायचाय तिथेच उभा करून सकाळ-दुपार-रात्र बघा.

आता एकेकाचं सांगते. कपाटाचं मॅट सुरुवातीला मला सगळ्यात आवडलं होतं, अगदी दगडावर हात फिरवल्यासारखं, आणि जुन्या फळीवरचे खड्डे-ओरखडे त्याने पोटात घेतले. पण तीन महिन्यांत मुठीच्या भोवती तळहाताएवढा एक चकचकीत डाग तयार झाला. मी आधी तेलकटपणा समजून पुसत होते, आणि जितकं पुसलं तितका तो वाढला. मग कारण कळलं. रंग मॅट दिसतो कारण त्याच्या पृष्ठभागावर रंगद्रव्याचे आणि सिलिकाचे बारीक बारीक कण वर आलेले असतात, त्यामुळे उजेड विखुरतो, आणि आपण घासतो तेव्हा ती टोकंच घासून सपाट होतात. म्हणजे ते मळलेलं नव्हतं, पॉलिश झालेलं होतं, माझ्याच फडक्याने. हा डाग कशानेच जात नाही, पुन्हा रंग मारावा लागतो. ज्याला आपण क्वचित हात लावतो, उंचावरचं कपाट, छताची लाकडी पट्टी, तिथे मॅट झकास आहे, मुठ असलेल्या कुठल्याही गोष्टीला नाही. हल्ली घासलं तरी टिकणारे मॅट मिळतात, ते खरंच बरे असतात, पण दाराच्या मुठीपाशी रोज पन्नास वेळा हात लागतो तिथे त्यांच्यावरही मी भिस्त ठेवणार नाही.

ग्लॉसचं दार. हे सगळ्यात कणखर निघालं, चौदा महिन्यांत त्याच्यावर एक ओरखडा नाही, ओलं फडकं फिरवलं की स्वच्छ. पण दिसण्याचं काय? आमचे रंगारी काका आधीच म्हणाले होते, "ताई, ग्लॉसला दोनदा लांबी भरावी लागेल, नाहीतर दार स्वतःच सगळं सांगत बसेल." लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. मी म्हटलं काका एकदाच भरा, दार तसं सपाट दिसतंय. दुपारी उजेडात ते सपाटच दिसत होतं. संध्याकाळी बाजूच्या भिंतीवरचा दिवा लागला आणि दारावर जुन्या कडीची चार भोकं, जुन्या रंगाच्या पोपड्याची कड आणि ब्रशच्या रेषा सगळं नकाशासारखं उठून आलं. तेव्हापासून मी एक शिकलेय, लांबी घासून झाली की खोलीत अंधार करायचा आणि मोबाइलची टॉर्च दाराला चिकटवून तिरका उजेड सोडायचा. जे खड्डे तेव्हा दिसतील तेच नंतर ग्लॉसमध्ये दिसणार. सॅटिनमध्ये त्यातले निम्मे लपतात, मॅटमध्ये जवळपास सगळे.

म्हणजे खरा प्रश्न आवडीचा कमी आणि लाकूड कसं आहे, त्याच्यावर उजेड कुठून पडतो आणि त्याला किती हात लागणार याचा जास्त आहे. नवीन, सरळ, नीट घासलेली फळी असेल तर ग्लॉस देखणाच दिसतो, त्यात वाद नाही. जुनं, अनेकदा रंगवलेलं दार असेल आणि बाजूला खिडकी असेल तर ग्लॉसच्या वाटेला जाऊ नका.

आणि सॅटिन. दाराच्या मुठीभोवती, चौकटीच्या ज्या कोपऱ्याला सगळे जाता-येता हात टेकतात तिथे, आणि तळाच्या पट्टीला जिथे पोछा रोज आपटतो तिथे मी आत्ता टॉर्च मारून बघितलं. मुठीभोवती चकाकी किंचित वाढलेली आहे पण सांगितल्याशिवाय दिसत नाही. पट्टीवर दोन काळे ओरखडे होते, ते साबणाच्या पाण्याने निघाले. एका दाराचा रंग मात्र सुटला, त्याचं खाली सांगते. एकूणात दिसायला शांत, पुसायला सोपं.

आता खोडी.

पहिली म्हणजे ढवळणं. हे मी कळकळीने सांगतेय कारण याच्यातच माझा डबा गेला. सॅटिनची चकाकी कमी करायला त्यात जे चकाकी मारणारे कण टाकतात ते जड असतात आणि डबा ठेवून दिला की तळाला बसतात. पहिलं दार आम्ही वरवर ढवळून रंगवलं, वाळल्यावर ते ग्लॉसच्या जवळ जाणारं चमकलं, आणि चौथ्या दारापर्यंत पोचलो तेव्हा डब्यात तळाचा गाळ आला आणि ते दार खडूसारखं कोरडं दिसायला लागलं. एकाच डब्यातली दोन दारं, समोरासमोर! काठी डब्याच्या तळाला टेकवून खरवडली तेव्हा दह्यासारखा पांढरट थर काठीला चिकटून वर आला. तर चपटी काठी घ्या, तळ खरवडत वर उचलत चांगली पाच मिनिटं ढवळा, आणि मध्येमध्ये काम थांबवून पुन्हा ढवळा. डबा हलवून चालत नाही, त्याने फुगे धरतात आणि ते फुगे दारावर वाळतात. दोन डबे लागणार असतील तर आधीच एका बादलीत एकत्र करून घ्या. दुकानदाराने एवढं सांगायला पाहिजे होतं असं मला अजून वाटतं, त्याने फक्त "पाणी घालू नका" एवढंच सांगितलं.

दुसरी खोडी खिडक्यांची. पाण्याचा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, डब्यावर चार तासांनी दुसरा हात मारा म्हणतात, ते सगळं खरं. पण कोरडा म्हणजे पक्का नाही. आतून घट्ट व्हायला त्याला दोन ते चार आठवडे लागतात, हवा दमट आणि गार असेल तर जास्तच. आम्ही तिसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून खिडकी लावून घेतली, आणि आठवड्याने उघडायला गेले तर उघडेना. जोर लावला तेव्हा चिकटपट्टी ओढल्यावर येतो तसा फर्रकन आवाज आला आणि चौकटीवरचा रंग खिडकीच्या फळीबरोबर निघून आला, खाली पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा हात. दोन रंगवलेल्या बाजू दाबून राहिल्या की पाण्याचे ॲक्रिलिक रंग एकमेकांना धरतात, हा त्यांचा स्वभावच आहे. जे दार-खिडकी दुसऱ्या रंगवलेल्या लाकडावर घट्ट बसते तिथे पहिले काही आठवडे फट ठेवा, रात्री लावावीच लागली तर मध्ये टाल्कम पावडर चोळा. मेणबत्ती पण चालते म्हणतात आणि चालतेही, पण पुढच्या वेळी त्या मेणावर रंग धरणार नाही, म्हणून मी पावडरच सांगेन. पक्का झाला का ते बघायला नख दाबून बघा, न दिसणाऱ्या जागी, खूण उमटली तर अजून वेळ आहे. कपाटाच्या फळ्यांवर तोवर काही जड ठेवू नका.

मग ऑइल पेंटच का नाही घेतला असं माझ्या भावाने विचारलं, त्याच्या घरी ऑइल पेंटच आहे. ऑइल एनॅमल सावकाश वाळतो म्हणून ब्रशच्या रेषा आपोआप बसतात, दिसतं काचेसारखं, आणि खिडक्याही कमी चिकटतात. पण पांढऱ्याला तो नकोच. आमच्याकडे आधी तोच होता आणि गंमत अशी की उन्हातली चौकट पांढरी राहिली, कपाटाची आतली बाजू आणि पडद्यामागची पट्टी पिवळी पडली. मला वाटायचं उन्हाने पिवळं पडतं, तर उलटं आहे, त्यातल्या तेलाला उजेड मिळाला नाही की ते पिवळं पडत जातं आणि उजेडात थोडं परत उजळतं. त्यातच शेजारच्या भिंतीला नवा इमल्शन मारला आणि त्यात अमोनिया असला तर त्याच्या वाफेने हे पिवळेपण अजून पटकन येतं. वास तर आठवडाभर. युरोपात २०१० पासून घरातल्या अशा लाकूडकामाच्या रंगांना उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटची मर्यादा आहे, पाण्याच्या रंगात लिटरमागे १३० ग्रॅम आणि सॉल्व्हंटच्या रंगात ३०० ग्रॅम, यावरून दोघांतला फरक कळेल. गडद रंग असेल आणि घर आठवडाभर रिकामं ठेवता येत असेल तर ऑइल पेंट अजूनही चांगला, माझं त्याच्याशी वैर नाही. हल्ली पाण्यात मिसळणारे अल्किड, म्हणजे ऑइल पेंटच्या जातीचे रंग येतात, ते दोन्हीच्या मधले, ब्रशच्या रेषा चांगल्या बसतात आणि ब्रश पाण्याने धुता येतो. पुढच्या वेळी मी एक दार त्यात करून बघणार आहे.

दाराचा रंग सुटला ते ठिकाण म्हणजे बेडरूमच्या दाराच्या मुठीच्या वर, बरोबर जिथे वर्षानुवर्षं ढकलायला हात लागायचा. फोड आला नाही काही नाही, एक दिवस पापुद्रा उचलला गेला आणि सालपटासारखा निघत गेला, खाली जुना ग्लॉस जसाच्या तसा चकाकत होता. म्हणजे तिथे हातांचा तेलकटपणा धुतलाच नव्हता आणि पॉलिश पेपरही फिरला नव्हता. बाकी दारं आम्ही आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पुन्हा साध्या पाण्याने पुसून, मग घासली होती, हे एक दार संध्याकाळ झाली म्हणून घाईत उरकलं. क्रम महत्त्वाचा आहे, आधी धुवा आणि मग घासा, उलटं केलं तर तेल घासून लाकडात जातं. जुना ग्लॉस असेल तर १८० किंवा २२० नंबरच्या पेपरने त्याची सगळी चमक मरेपर्यंत घासायचं, चमकणारा एक ठिपका पण राहू द्यायचा नाही, प्रायमर धरायला खरखर लागते. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबर हलक्या हाताने. प्रायमर धरला की नाही याची खात्री करायची तर एका कोपऱ्यात ब्लेडने बारीक जाळी कापायची, त्यावर टेप दाबून चिकटवायची आणि झटक्यात ओढायची, चौकोन टेपबरोबर आले तर पुढे जाऊ नका.

फार जुनं घर असेल तर कोरडं घासायच्या आधी थांबा. जुन्या रंगांत शिसं असायचं, अमेरिकेत घरातल्या रंगात त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, बाकी ठिकाणी आधी-नंतर, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. तपासणी करून घ्या, निदान कोरडं घासू नका. हे मी घाबरवायला लिहित नाहीये, घरात रांगणारं मूल असेल तर खरंच लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट, पाइनसारख्या लाकडाला गाठी असतात त्यातून राळ येते आणि सहा महिन्यांनी पांढऱ्या रंगावर तपकिरी गोल उमटतात, वर कितीही हात मारा ते परत येतात. त्याला लाखेचा म्हणजे शेलॅकचा प्रायमर लागतो, स्पिरिटमध्ये विरघळवलेली ती लाख गाठ बंद करून टाकते. ओकसारख्या लाकडातून पण टॅनिन, म्हणजे लाकडातला तपकिरी अर्क, पाण्याच्या रंगात उतरून पिवळे डाग पडतात, तिथेही हाच उपाय. आमच्या एका चौकटीला दोन गाठी होत्या, तेवढ्यावर लावला, आजपर्यंत डाग नाही. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं कपाट असेल तर त्याच्या कापलेल्या कडा रंग स्पंजासारख्या पितात आणि फुगून खरखरीत होतात, त्यांना आधी वेगळा प्रायमर देऊन घासून घ्या, नाहीतर सपाट भाग सॅटिन आणि कड मॅट असं दिसतं.

हात मारण्याबद्दल थोडं. पाण्याच्या रंगाला नायलॉन-पॉलिएस्टरचा ब्रश, केसांचा ब्रश पाणी पिऊन लुळा पडतो, तो ऑइल पेंटसाठी ठेवा. फळ्यांचं दार असेल तर आधी आतले चौकोन, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या, आणि प्रत्येक पट्टीचा शेवटचा फटका लाकडाच्या रेषेच्या दिशेने. सपाट दाराला बारीक फोमचा रोलर फिरवून लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकं ओढून घ्या. हे लगेच फार महत्त्वाचं, पाण्याचं सॅटिन पाच-दहा मिनिटांत आवळायला लागतं, त्यानंतर परत ब्रश लावला की तिथे पट्टा दिसतो, आणि सॅटिनमध्ये तो पट्टा लपत नाही. पंखा बंद ठेवा, उन्हात तापलेल्या दाराला हात लावू नका. एक डाग राहिला तर राहू द्या, दुसऱ्या हातात जाईल. नंतर टच अप करायची वेळ आली तरी हाच त्रास, ठिपका मारला की ठिपकाच दिसतो, म्हणून पूर्ण पट्टी एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत रंगवायची. मॅटमध्ये टच अप सहज खपून जातं, एवढा एक गुण त्याचा मान्य.

किती रंग लागतो ते पण सांगते, लिटरमध्ये साधारण १० ते १२ चौरस मीटर एक हात होतो. दार २ मीटर उंच, ८० सेंमी रुंद धरलं तर दोन्ही बाजू आणि कडा मिळून साडेतीन चौरस मीटर, दोन हात म्हणजे सात. त्यामुळे लिटरात दीड दार असं धरून चाला, चौकट वेगळी.

जिन्याच्या कठड्याचं वेगळं, तो आम्ही रंगवला नाही, घासून त्याला पारदर्शक सॅटिन पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं व्हार्निश दिलं कारण तिथे तळहात सतत घासतो आणि लाकूड दिसलेलं आम्हाला हवं होतं. तेलाचा पीयू घेतला, त्याने लाकडाला मधासारखा रंग आला जो आम्हाला हवाच होता, लाकूड फिकट ठेवायचं असेल तर पाण्याचा घ्या. तिथे तीन हात दिले, मधून ३२० ने घासून, आणि सगळ्या घरात आज सगळ्यात चांगला तोच दिसतोय. तेलाची फडकी तेवढी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा.

आता कपाटाची मॅट दारं उतरवून ठेवलीत. बिजागऱ्या काढल्यात, प्रत्येक दाराच्या मागे पेन्सिलने नंबर टाकलाय, आणि या रविवारी ती धुऊन २२० ने घासायचीत, मग सॅटिन. ग्लॉसचं दार मात्र ठेवणार आहे, फक्त बाजूचा तो भिंतीवरचा दिवा दुसरीकडे हलवायचा म्हणतेय.